नवा भाग बसवला आणि मशीन बंद पडायला लागलं

माझा मावसभाऊ साताऱ्यात लग्नाचे अल्बम करून देतो. तुळशीचं लग्न लागलं की त्याला जेवायला फुरसत नसते. गेल्या सीझनच्या तोंडावर त्याने मशीनमध्ये नवं ग्राफिक कार्ड टाकलं. चार दिवस झकास चाललं. पाचव्या दिवशी संध्याकाळी, हळदीच्या फोटोंचं पान जुळवत असताना मशीन फट्कन बंद. पुन्हा चालू केलं तर काहीच न झाल्यासारखं चालू झालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दुकानदाराने भलेपणाने कार्ड बदलून दिलं, तरी फरक नाही. मग कुणीतरी सांगितलं, फॉरमॅट मार. तोही मारून झाला. त्यात दोन अल्बमची कच्ची पानं गेली आणि मशीन बंद पडायचं ते पडतच राहिलं.

फोनवर मी त्याला एवढंच विचारलं, "मशीन जातं त्या क्षणी मॉनिटरचा छोटा लाइट राहतो का जातो?" त्याने कधी पाहिलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला त्याचा फोन आला, "दादा, लाइटपण जातो रे. दोन्ही बरोबरच."

कॅबिनेटमधला, मशीनला वीज पुरवणारा एसएमपीएस दमला असता, तर मॉनिटर 'नो सिग्नल' दाखवत चालूच राहिला असता. दोन्ही एकदम जातात याचा अर्थ दोष दोघांच्याही आधी आहे, यूपीएसमध्ये किंवा भिंतीतल्या वायरिंगमध्ये. त्याचा यूपीएस होता ६०० व्हीएचा. या आकड्याने पुष्कळांची फसगत होते, कारण घरगुती ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो. जुनं मशीन आणि मॉनिटर त्यात आरामात बसत होते. नवं कार्ड जोरात चालायला लागलं की बसत नव्हते. दिवसा व्होल्टेज नीट असायचं, तेव्हा यूपीएस मेनची वीज जवळजवळ तशीच पुढे सोडायचा. संध्याकाळी गल्लीतल्या पाण्याच्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज खाली यायचं, यूपीएस बॅटरीवर जायचा आणि भार न झेपून हात टेकायचा. नवं कार्ड पहिल्या दिवसापासून निर्दोष होतं. बदलून आलेलंही.

अपग्रेडनंतर मशीन बंद पडलं की बोट नव्या भागाकडेच जातं. ते कधी कधी बरोबरही असतं. पण मी हाताळलेल्या कितीतरी मशीनांत नव्या भागाने फक्त जुन्याची कमजोरी उघडी पाडली होती. कधी पाच वर्षांचा एसएमपीएस, कधी विकत घेतल्यापासून अपडेट न केलेलं बायोस, तर कधी एका बाजूने अर्धवट बसलेली रॅम. म्हणून 'काय बदललं' याच्याइतकंच 'बंद केव्हा पडतं' हे पाहायला हवं, आणि त्यासाठी एक साधी वही लागते.

वही उघडण्याआधी मात्र दोन कामं करा. पहिलं काम बॅकअपचं, आणि ते आजच. खराब रॅम नुसतं मशीन बंद पाडत नाही, ती फाइल सेव्ह होताना त्यात चुकीचा मजकूरही घुसडू शकते, आणि तो महिनाभराने फाइल उघडेपर्यंत कळत नाही. म्हणून जुन्या बॅकअपवर नवा चढवू नका, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. दुसरं काम विंडोजच्या बिटलॉकर एन्क्रिप्शनच्या किल्लीचं. बायोस अपडेट केलं किंवा मदरबोर्ड बदलला की विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. कितीतरी लॅपटॉपवर हे एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेलं असतं आणि मालकाला पत्ताही नसतो. मशीन धड चालतंय तोवर मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जाऊन ती की कागदावर उतरवून घ्या.

आता वही. प्रत्येक वेळी मशीन बंद पडलं की वेळ लिहा, तेव्हा काय काम चालू होतं ते लिहा आणि डोळ्यांना, कानांना काय जाणवलं ते लिहा. पंखे एकदम थांबले का? आवाज एकाच सुरावर अडकून राहिला का? माउस हलत होता का? मॉनिटरचा लाइट राहिला का? चार-पाच नोंदी झाल्या की त्यांतून एक साचा दिसायला लागतो. पंखे थांबून क्षणात अंधार होत असेल आणि पडद्यावर काहीच लिहून येत नसेल, तर संशय विजेवर. चित्र गोठून आवाज घरघरत राहत असेल, तर रॅम, ग्राफिक कार्ड किंवा प्रोसेसर. पडद्यावर सूचना येऊन मशीन पुन्हा सुरू होत असेल, तर विंडोजला निदान काहीतरी कळलेलं आहे, ते वाचायचं. नुसतंच एखादं सॉफ्टवेअर मिटत असेल आणि बाकी मशीन चालू राहत असेल, तर ते एकच सॉफ्टवेअर की रोज वेगळं, हे पाहा. रोज वेगळं असेल तर पुन्हा रॅमकडे या.

ती सूचना वाचता यावी म्हणून एक सेटिंग बदलावं लागतं. सिस्टिम प्रॉपर्टीजच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' पानावर 'स्टार्टअप अँड रिकव्हरी' उघडा आणि 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट'वरची खूण काढून टाका. मग तो निळा पडदा (विंडोज ११ मध्ये २०२५ पासून तो काळा झालाय) तुम्ही मशीन बंद करेपर्यंत तसाच थांबतो, मोबाइलने फोटो काढता येतो. 'मेमरी मॅनेजमेंट' किंवा 'पेज फॉल्ट' असं आलं तर रॅम आधी पाहा. 'व्हिडिओ टीडीआर' म्हणजे ग्राफिक कार्डाने वेळेत उत्तर दिलं नाही. विंडोज त्याच्यासाठी साधारण दोनच सेकंद थांबते. 'डब्ल्यूएचईए' या अक्षरांनी सुरू होणारी सूचना म्हणजे एखाद्या हार्डवेअरनेच स्वतःची चूक कळवली आहे. आणि दर वेळी वेगळीच सूचना येत असेल, तर तीही एक खूणच समजा. सॉफ्टवेअरचा दोष सहसा तोच तोच येतो, रॅमचा आणि विजेचा दोष रंग बदलतो.

इव्हेंट व्ह्यूअर उघडला की बहुतेकांना 'कर्नेल पॉवर ४१' ही लाल नोंद दिसते आणि ते लगेच एसएमपीएस बदलायला धावतात. त्या नोंदीचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी मशीन रीतसर बंद झालं नव्हतं. तुम्ही हँग झालेलं मशीन बटण दाबून बंद केलं तरी ती येते. तिच्या तपशिलात 'बगचेक कोड' शून्य असेल तर विंडोजला काही लिहायला वेळच मिळाला नाही, इतकंच कळतं. तिच्या आधीच्या दहा मिनिटांत काय घडलं ते पाहणं जास्त उपयोगाचं. स्टार्ट मेनूत 'रिलायबिलिटी' शोधलं की दिवसवार तक्ता उघडतो. नवा भाग कोणत्या तारखेला बसवला आणि लाल फुल्या कधीपासून सुरू झाल्या, हे तिथे एका नजरेत दिसतं. काही वेळा फुल्या अपग्रेडच्या आठवडाभर आधीपासूनच असतात! मग सगळा विचार नव्याने करायचा.

यानंतरची पहिली चाचणी अगदी साधी आहे. नवा भाग काढा, जुना लावा आणि मशीन आहे तसं वापरा. किती दिवस? मशीन दोन दिवसांतून एकदा बंद पडत असेल, तर एक संध्याकाळ नीट गेली याला काहीच अर्थ नाही. निदान आठवडाभर थांबा. इथे माणसं घाई करतात, आणि मला सगळ्यात जास्त वाईट याचंच वाटतं, कारण घाईत एकाच रात्री रॅम हलवली जाते, बायोस अपडेट होतं आणि ड्रायव्हरही बदलतो. मशीन नीट चालायला लागतं, पण कशामुळे ते कळत नाही. तीन आठवड्यांनी दुखणं परत आलं की हातात काहीच नसतं. एका वेळी एकच बदल करा, तो तारखेसह वहीत लिहा आणि मग वाट पाहा.

आता रॅम. तिच्यापासून सुरुवात करायची कारण तपासायला पैसे लागत नाहीत. प्लग काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून आत उरलेली वीज जाऊ द्या, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा आणि मगच रॅमला. लॅपटॉप असेल तर आतल्या बॅटरीची वायर आधी काढा. रॅमची सोनेरी टोकं कोऱ्या, मऊ खोडरबराने हलक्या हाताने पुसण्याची आपल्याकडची पद्धत चालते, फक्त ते काम मशीनपासून दूर करा आणि भुगा पूर्ण झटका. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलं केलेलं सुती फडकं त्याहून चांगलं. परत बसवताना दोन्ही टोकांना 'टक्' आवाज आला पाहिजे. बऱ्याच नव्या मदरबोर्डांवर एकाच बाजूला खटका असतो, त्यामुळे दुसरी बाजू अर्धी वर राहिलेली कळत नाही. दोन स्टिक असतील तर त्या सहसा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये जातात. तरी मदरबोर्डचं माहितीपुस्तक एकदा उघडून खात्री करा.

पुढचा घोळ वेगाचा. रॅमच्या खोक्यावर लिहिलेला ३२०० किंवा ६००० हा वेग ती बहुधा आपणहून गाठत नाही, बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो हे सेटिंग चालू केल्यावर गाठते. तो वेग रॅम बनवणाऱ्याने तपासलेला असतो, पण तुमचा प्रोसेसर आणि तुमचा मदरबोर्ड त्याच्यासमोर नसतो. जुन्या ८ जीबीच्या शेजारी दुसऱ्या कंपनीची नवी ८ जीबी लावली की दोन्ही निर्दोष असूनही जोडी जमत नाही, असं वरचेवर होतं. एकाच मॉडेलची दोन वेगवेगळी पाकिटं घेतली तरी चारही स्टिक एकत्र चालतील याची कोणी हमी देत नाही. डीडीआर ५ मध्ये तर हे फार जाणवतं. एएमडीच्या रायझन ७००० प्रोसेसरांचा अधिकृत आकडाच पाहा: दोन स्टिक असतील तर ५२००, चार असतील तर ३६००. म्हणजे दोन स्टिकवर ६००० ला सुरळीत चालणाऱ्या मशीनमध्ये आणखी दोन घालून तेच सेटिंग ठेवलं, तर ते मधूनच बंद पडण्यात नवल काही नाही. वेग खाली आणा. शक्य असेल तर चार लहान स्टिकपेक्षा दोन मोठ्या घ्या. डीडीआर ५ साठी मी प्रत्येकाला हेच सांगतो. आणि डीडीआर ५ बसवल्यावर पहिल्यांदा मशीन चालू केलं की काही मिनिटं पडदा काळाच राहू शकतो. मदरबोर्ड तेव्हा रॅमशी जुळवून घेत असतो, घाबरून प्लग काढू नका.

खरी परीक्षा रात्री घ्या. 'मेमटेस्ट ८६' पेन ड्राइव्हवर उतरवा, त्यावरून मशीन चालू करा आणि झोपा. विंडोजची स्वतःची रॅम चाचणी आहे, पण ती वरवरची. आधी एक्सएमपी बंद ठेवून चाचणी करा. सकाळी एक जरी लाल ओळ दिसली तरी ती एक फार झाली, 'एकच तर आहे' म्हणून सोडू नका. एक्सएमपी बंद असताना स्वच्छ आणि चालू केल्यावर चुका, असं असेल तर रॅम खराब नाही, तिच्यावर लादलेला वेग जास्त आहे. बंद असतानाही चुका येत असतील तर एकेक स्टिक त्याच स्लॉटमध्ये लावून तपासा. एकच स्टिक नापास झाली तर तीच दोषी. पण कोणतीही स्टिक एका ठरावीक स्लॉटमध्ये नापास होत असेल, तर दोष मदरबोर्डकडे किंवा प्रोसेसरच्या सॉकेटकडे आहे. नवा प्रोसेसर बसवताना सॉकेटमधली एखादी पिन वाकली किंवा कूलरचे स्क्रू एका बाजूने जास्त आवळले गेले, तरी रॅमच रुसते.

विजेचा भाग आपल्याकडे सगळ्यात दुर्लक्षित. एसएमपीएसवरचा मोठा आकडा पाहू नका, त्याच्या बाजूचं लेबल वाचा. ग्राफिक कार्ड आणि प्रोसेसर दोघंही १२ व्होल्टच्या लाइनवर जगतात. तिथे १८ अँपिअर लिहिलं असेल तर १८ गुणिले १२, म्हणजे २१६ वॅट. वर ४५० लिहिलेलं असलं तरी तुमच्या कामाचे एवढेच. कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या एसएमपीएसमध्ये हा फरक हमखास सापडतो. '८० प्लस' हे चिन्ह वीज किती वाया जाते ते सांगतं, टिकाऊपणाची ग्वाही देत नाही.

कार्डाचा हिशेब असा: स्लॉटमधून ७५ वॅट, सहा पिनांच्या वायरीतून ७५, आठ पिनांच्या वायरीतून १५०. कार्डाला आठ पिनांच्या दोन जागा असतील तर एकाच वायरीची दोन तोंडं लावू नका, एसएमपीएसपासून दोन वेगळ्या वायरी आणा. नव्या कार्डांची सोळा पिनांची जोडणी फट न राहता पूर्ण आत गेली पाहिजे आणि तिच्या तोंडाशीच वायर वाकवू नये. शिवाय मोठी कार्डं क्षणभरासाठी आपल्या सांगितलेल्या वॅटच्या कितीतरी वर जातात. २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकात मोठ्या एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंद क्षमतेच्या दुप्पट भार झेलावा अशी अट आली, ती याच झटक्यांमुळे. जुना एसएमपीएस असा झटका आला की स्वतःला वाचवायला बंद होतो, आणि आपल्याला वाटतं कार्ड गेलं.

हे ओळखायची एक बिनपैशाची युक्ती आहे. आफ्टरबर्नरसारख्या सॉफ्टवेअरने कार्डाची पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणा आणि तेच काम करा. मशीन बंद पडायचं थांबलं, तर वीज अपुरी पडत असल्याचा संशय पक्का. मग मित्राचा चांगला एसएमपीएस दोन दिवस मागून आणा. मात्र मित्राच्या एसएमपीएसबरोबर वायरीही त्याच्याच आणा. सुट्या होणाऱ्या वायरींची कार्डाकडची बाजू सारखी दिसली तरी एसएमपीएसकडच्या पिनांची रचना कंपनीगणिक वेगळी असते. चुकीची वायर लावून हार्ड डिस्क जळालेली मी स्वतः पाहिली आहे, आणि त्या डिस्कमध्ये एका कुटुंबाचे बारा वर्षांचे फोटो होते.

यूपीएसचा भार मोजताना मॉनिटर, राउटर, स्पीकर सगळं धरा. एक संध्याकाळ मशीन थेट भिंतीतल्या सॉकेटला लावून पाहिलं तरी पुष्कळ कळतं. स्वस्त यूपीएस बॅटरीवर असताना पायऱ्यापायऱ्यांची वीज देतो, ती काही नव्या एसएमपीएसना मानवत नाही, म्हणून दिवे गेले की यूपीएस असूनही मशीन जातं. आणि कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येत असतील, तर घरात अर्थिंग नाही किंवा तुटलंय. तिथे आधी इलेक्ट्रिशियन बोलवा. हा जिवाचाही प्रश्न आहे.

उष्णतेवर फार वेळ घालवायची गरज नाही. नवा कूलर बसवला असेल तर त्याच्या तळाची प्लॅस्टिकची पातळ फिल्म काढली होती का, ते आठवा, विसरतात माणसं. 'एचडब्ल्यूइन्फो'मध्ये तापमान पाहा, पण आकड्याने हबकू नका. रायझन ७००० ची मर्यादा ९५ अंश आहे, इंटेलच्या बहुतेक नव्या प्रोसेसरांची १०० च्या आसपास, आणि तिथे पोचल्यावर ते आधी वेग कमी करतात, लगेच बंद पडत नाहीत. ग्राफिक कार्डाची कंपनी बदलली असेल तर जुना ड्रायव्हर सेफ मोडमध्ये 'डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर'ने पुसून नवा टाका. एसएसडीनंतर त्रास सुरू झाला असेल तर 'क्रिस्टलडिस्कइन्फो'मध्ये सीआरसी चुकांचा आकडा पाहा. तो वाढत असेल तर साटा वायर बदला, ड्राइव्ह बहुधा ठीक आहे. एमडॉटटू स्लॉट भरल्यावर काही मदरबोर्डांवर एक-दोन साटा पोर्ट आपोआप बंद होतात, तेही माहितीपुस्तकात लिहिलेलं असतं.

प्रोसेसर बदलला असेल तर मात्र बायोस पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांचं उदाहरण फार शिकवणारं आहे. लोकांचे गेम बंद पडत आणि सूचना येई 'व्हिडिओ मेमरी अपुरी'. साहजिकच सगळे ग्राफिक कार्डाच्या मागे लागले. दोष निघाला प्रोसेसरमध्ये. गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळून तो आतून झिजत होता. इंटेलने २०२४ च्या ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये बायोसवाटे दुरुस्त्या दिल्या आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. अपडेटने पुढची झीज थांबते, झालेली भरून येत नाही. असा प्रोसेसर जुन्या बायोसवर बराच काळ चालला असेल आणि अपडेटनंतरही मशीन पडत असेल, तर तो बदलून मागा. बायोस अपडेट करताना यूपीएस चार्ज असू द्या आणि लोडशेडिंगची वेळ टाळा. मध्येच वीज गेली तर मदरबोर्डच उठत नाही.

फॉरमॅट सगळ्यात शेवटी. खराब रॅमवर नवं विंडोज टाकलं तर तेही पहिल्या दिवसापासून खराबच उतरतं.

दोष सापडला की दुकानात जाताना वही, निळ्या पडद्याचे फोटो आणि मेमटेस्टच्या लाल ओळींचा फोटो घेऊन जा. लॅमिंग्टन रोड असो की पुण्यातली तपकीर गल्ली, 'मशीन बंद पडतं' एवढंच सांगणाऱ्याला 'ठेवून जा, बघतो' असं उत्तर मिळतं. 'एक्सएमपी बंद ठेवून, ही एकच स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये लावली, तरी चुका आल्या' असं सांगणाऱ्याचं बोलणं काउंटरवरचा माणूस ऐकून घेतो. बिलावर सीरियल नंबर आहे का पाहा, नसेल तर विकत घेतानाच लिहून घ्या. खोकं फेकू नका, भागावरचं स्टिकर खरवडू नका. आणि अपग्रेड करताना काढलेला जुना भाग महिनाभर तरी विकू नका. माझ्या मावसभावाने जुनं कार्ड दुसऱ्याच दिवशी विकलं होतं. ते घरात असतं, तर परत लावून पाहायला त्याला अर्धा तास लागला असता.